मालवणचे आघारकर

दहावीनंतर आपल्यातल्या बऱ्याच जणांनी जीवशास्त्र सोडले. मीही सोडले. इंजिनिअरिंगला त्याची गरज नव्हती. पुण्यात नोकरीला लागल्यावर आघारकर संशोधन संस्थेची पाटी कितीदा पाहिली, पण हे आघारकर कोण, हे मात्र फार उशिरा वाचले.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ साली मालवणचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले. सुट्टी मिळाली की सह्याद्रीत भटकायचे, झाडे आणि प्राणी गोळा करायचे. साताऱ्याकडच्या वेण्णेच्या खोऱ्यात त्यांना गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. तिच्या वंशातले प्राणी तोवर आफ्रिकेतच माहीत होते.

त्याच सुमारास रासबिहारी घोष यांनी कलकत्ता विद्यापीठाला दहा लाखांची देणगी दिली. त्यातून निघालेले वनस्पतिशास्त्राचे अध्यासन आघारकरांना मिळाले. १९१४ साली पुढच्या अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले आणि महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. वायव्य भारताच्या कोरड्या मुलखातल्या वनस्पती कशा पसरल्या, यावर प्रबंध लिहून १९१९ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

परत येऊन त्यांनी कलकत्त्याचा वनस्पतिशास्त्र विभाग १९४६ पर्यंत सांभाळला. मग पुण्याला आले. वय बासष्टच्या घरात. लोक या वयात आरामखुर्ची शोधतात. यांनी महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी उभी केली आणि १९६० साली जाईपर्यंत तिचे संचालकपद सांभाळले. पुढे १९९२ साली संस्थेला त्यांचे नाव मिळाले. गव्हाच्या आणि सोयाबीनच्या वाणांवर 'एमएसीएस' ही अक्षरे दिसतात, ती याच संस्थेची.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातले कितीतरी जण शेतकऱ्यांच्या घरातले. त्या बियाण्यामागे झाडे मोजणारी, पाने तपासणारी माणसे असतात, हे मी वर्गात असताना लक्षातच घेतले नव्हते. जीवशास्त्राच्या आपल्या बाई शाळेमागच्या ओढ्यावर न्यायच्या, तेव्हा आम्ही मागे राहून गप्पा मारायचो. बाई, तेवढी माफी असावी. माझी मुलगी यंदा अकरावीत गेली आहे. तिने जीवशास्त्र घेतले आहे, आणि मी तिला अडवलेले नाही.