तोल साधणारा जोसेफ स्ट्रॉस

(द्वितीय वर्ष, कला)

माझ्या आजोळी, रत्नागिरी जिल्ह्यात, विहिरीवर एक जुनी लाट अजून उभी आहे. ज्यांनी लाट पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खांबावर एक लांब लाकूड आडवे टाकलेले असते. त्याच्या एका टोकाला पाणी काढायचे भांडे आणि दुसऱ्या टोकाला दगड बांधलेले असतात. रिकामे भांडे खाली ओढायला थोडा जोर लावावा लागतो, पण भरलेले भांडे वर येताना अर्धे काम दगडच करतात. आजोबा या लाटेने पोफळीच्या बागेचे शिंपणे करीत. एवढे पाणी एक म्हातारा माणूस कसा उपसतो याचे मला लहानपणी नवल वाटे. त्या शेपटाकडच्या दगडांकडे मात्र माझे कधी लक्ष गेले नाही.

ते लक्ष गेले ते यंदा, आमच्या ग्रंथालयात जोसेफ स्ट्रॉस या अमेरिकन पूलबांधणीकाराविषयी वाचताना. या माणसाने शेपटाकडच्या वजनाचाच विचार करीत आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे घालविली आणि त्यावर सुमारे चारशे पूल उभे केले. जगाला मात्र तो आठवतो एका अशा पुलासाठी, ज्यात हे वजन कुठेच नाही.

जोसेफ बेअरमन स्ट्रॉसचा जन्म ९ जानेवारी १८७० रोजी ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरात झाला. वडील चित्रकार आणि लेखक, आई पियानो वाजविणारी. घर कलावंतांचे, यंत्राचा गंध नाही. मुलगाही कविता करी आणि ही खोड त्याला शेवटपर्यंत सुटली नाही. सिनसिनाटी विद्यापीठात असताना हा ठेंगणा मुलगा फुटबॉलच्या संघात शिरायला गेला आणि सरळ रुग्णालयात पोचला. तिथल्या खिडकीतून त्याला नदीवरचा रोब्लिंग यांचा भव्य झुलता पूल दिसे आणि तो पाहता पाहता त्याच्या मनाने पूल घेतले, असे सांगतात. अशा गोष्टी थोरांच्या चरित्रात नंतर शिरतात हे आम्हाला इतिहासाच्या तासाला सांगितले आहे, तेव्हा वाचकांनी ही गोष्ट तेवढ्याच बेताने घ्यावी. पण १८९२ साली पदवी घेताना त्याने जो प्रबंध लिहिला तो खराच आहे. विषय होता बेरिंगच्या सामुद्रधुनीवर पूल बांधून अमेरिका आणि आशिया जोडण्याचा! आपल्या वर्गाचा कवीही तोच होता. बावीस वर्षांच्या पोराने दोन खंड जोडायला निघावे, यात पूल किती आणि कविता किती हे ठरविणे कठीण आहे.

पुढची काही वर्षे लवकर सांगता येतील. न्यू जर्सीतील एका पोलाद कारखान्यात नकाशे काढण्याची नोकरी, मग स्वतःच्याच विद्यापीठात थोडे दिवस अध्यापन, आणि १८९९ च्या सुमारास शिकागोला राल्फ मोडजेस्की या नामवंत अभियंत्याच्या कचेरीत जागा.

शिकागो हे गाव या कथेत महत्त्वाचे आहे. शहराच्या मधोमध नदी, नदीतून उंच डोलकाठ्यांची जहाजे, आणि दोन्ही काठांवर घोडागाड्या, ट्राम, रेल्वे. जमीन सपाट, त्यामुळे जहाज खालून जाईल इतका उंच पूल बांधायला जागा नाही. म्हणजे पूल उघडणाराच हवा. आधी फिरते पूल होते. नदीच्या मध्यावर एक खांब आणि त्यावर सगळा पूल भोवऱ्यासारखा आडवा फिरायचा. पण जहाजे मोठी होत गेली तसा तो मधला खांबच त्यांच्या वाटेत येऊ लागला. मग उचलण्याचे पूल आले. लंडनचा टॉवर ब्रिज १८९४ साली पुरा झाला. शिकागोतच विल्यम शेर्झर याच्या पद्धतीचा पूल १८९५ साली उभा राहिला. त्यात पुलाचे शेपूट पाळण्याच्या बुडासारखे गोल असते आणि पूल मागे डोलत उघडतो. शेर्झर मात्र तो पाहायला उरला नाही, १८९३ सालीच तो वारला होता. आपल्याकडे रामेश्वरला जाताना लागणारा १९१४ सालचा पांबनचा रेल्वेपूल याच शेर्झर पद्धतीचा होता आणि तो माणसे हाताने दांडे फिरवून उघडत असत. १९६४ च्या चक्रीवादळात त्या पुलाचे बरेच गाळे वाहून गेले, पण मधला उघडणारा भाग टिकला. २०२५ साली शेजारी नवा पूल सुरू झाला, तो सरळ वर उचलला जाणारा आहे.

अशा पुलांना बॅस्क्यूल म्हणतात. हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ बागेतला सी-सॉ. रेल्वेच्या फाटकाचा दांडा आठवा, म्हणजे सगळे यंत्र समजले. दांडा लांब आणि जड असतो, पण मागच्या आखूड टोकाला लोखंडी वजन असल्याने फाटकवाला तो सहज वर करतो. पुलाचेही तेच. रस्त्यासकट शेकडो टनांची तुळई एका आसावर बसविलेली असते आणि मागे तिला तोलून धरणारे वजन असते. तोल बरोबर साधला तर पूल जवळजवळ वजनरहित होतो. मोटरला फक्त घर्षणाशी आणि वाऱ्याशी झगडावे लागते. मुद्दाम पुढची बाजू किंचित जड ठेवतात, म्हणजे मिटलेला पूल मिटलेला राहतो.

हे तोलाचे वजन त्या काळी ओतीव लोखंडाचे करीत, आणि लोखंड महाग. स्ट्रॉसने मोडजेस्कींच्या कचेरीत सुचविले की लोखंडाऐवजी काँक्रीट वापरावे. सूचना साधी दिसते, पण तिच्यात मेख होती. काँक्रीटचे वजन तेवढ्याच आकाराच्या लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश भरते. म्हणजे तोच तोल साधायला तिप्पट मोठा ठोकळा हवा. पूल वर गेला की शेपूट खाली जाणार, आणि एवढा ठोकळा सामावायला रस्त्याखाली, नदीच्या पाण्याच्या पातळीच्याही खाली, मोठा खड्डा करावा लागणार. त्या खड्ड्यात पाणी झिरपू नये म्हणून जो खर्च येईल त्यात लोखंडाची बचत वाहून जाणार. कचेरीत सूचना नापसंत झाली. स्ट्रॉस बाहेर पडला आणि १९०२ साली त्याने स्वतःची कंपनी काढली.

त्याने काढलेला तोडगा मला फार आवडला. मी कला शाखेचा विद्यार्थी असल्याने आकृती काढून दाखवू शकत नाही, शब्दांत सांगतो. त्याने ठोकळा शेपटाला घट्ट जोडलाच नाही. खिळीवर टांगला, आणि आणखी एक दांडा जोडून असा धरून ठेवला की पूल कितीही वळला तरी ठोकळा स्वतः कलत नाही, उभाच्या उभा वर-खाली होतो. भूमितीत आपण समांतरभुज चौकोन शिकलो तोच हा. चार कोपऱ्यांना चार खिळ्या, समोरासमोरच्या बाजू नेहमी समांतर. ठोकळा कलत नाही, म्हणून त्याचा आकार जागेप्रमाणे हवा तसा करता येतो. पुढे त्याने आणखी एक पायरी गाठली. ठोकळा जमिनीखालून काढून थेट रस्त्याच्या डोक्यावर, मनोऱ्यावरच्या वेगळ्या तराफ्यावर नेऊन ठेवला. पुलाची टाच खाली एका आसावर, तराफा वर दुसऱ्या आसावर, आणि दोघांना जोडणारा लांब दांडा. पूल जितका कलतो तितकाच तराफा कलतो, त्यामुळे पूल मिटलेला असो, अर्धा उघडलेला असो की उभा, तोल ढळत नाही. खड्ड्याची गरजच संपली. पाहणाऱ्याला मात्र डोक्यावर काँक्रीटचा प्रचंड ठोकळा लोंबताना दिसतो आणि खालून जाताना जीव घाबरा होतो. हे पूल देखणे नाहीत हे खुद्द त्याच्या चाहत्यांनाही मान्य आहे. पण ते स्वस्त होते आणि चालत होते. गावोगावच्या नगरपालिकांनी ते घेतले. शिकागो शहराने आपले पेटंट न विचारता वापरले म्हणून त्याने त्या शहरावर दावाही लावला. माणूस हक्काच्या बाबतीत कच्चा नव्हता, हे पुढच्या भागासाठी लक्षात ठेवावे.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे त्याने एक गंमत केली. पुलाच्या एका टोकाला रस्त्याऐवजी दुमजली खोली बसविली आणि दुसऱ्या टोकाला काँक्रीट. शंभराहून अधिक माणसे खोलीत बसत आणि तो अजस्र हात त्यांना दोनशे फुटांहून उंच नेऊन सगळे प्रदर्शन दाखवून खाली आणी. माझ्या आजोबांच्या लाटेला भांड्याऐवजी घर टांगल्यासारखेच हे झाले.

याच शहरात त्याला गोल्डन गेट भेटला. समुद्र जिथे उपसागरात शिरतो ती ही सामुद्रधुनी, सुमारे मैलभर रुंद. जोरदार प्रवाह, धुके, वारा. शहराचे मुख्य अभियंता मायकेल ओशॉनेसी पूल बांधता येईल का अशी विचारणा करीत होते. दहा कोटी डॉलर तरी लागतील अशी उत्तरे येत. स्ट्रॉसने १९२१ साली एक कोटी सत्तर लाखांत आराखडा दिला. तो आराखडा अगदी बेढब होता. दोन्ही बाजूंना अवजड सांगाडे आणि मध्ये थोडासा झुलता भाग. इतका लांब झुलता पूल त्याने कधी बांधला नव्हता. पण पुढची दहा वर्षे त्याने गावोगाव भाषणे केली, लष्कराची परवानगी मिळविली, बोटीवाल्यांच्या आणि जमीनमालकांच्या विरोधाला तोंड दिले. अखेर नोव्हेंबर १९३० मध्ये मतदारांनी साडेतीन कोटींच्या कर्जाला मंजुरी दिली. हा हट्ट दुसऱ्या कोणाला पेलला असता असे वाटत नाही. पूल झाला याचे श्रेय त्याचे, यात वाद नसावा.

पुलाचे गणित मात्र दुसऱ्याने केले. चार्ल्स एलिस हे स्ट्रॉसच्या कंपनीत १९२२ साली आले. त्याआधी ते इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांचे मूळ शिक्षण गणित आणि ग्रीक भाषेचे, म्हणजे एका अर्थाने आपल्याच शाखेचे. संपूर्ण पूल झुलताच असावा हा विचार न्यूयॉर्कच्या लिऑन मोइसेफ यांचा, आणि त्यानुसार मनोरे, तारा, वारा यांची महिनोन्महिने चाललेली आकडेमोड एलिस यांची. स्ट्रॉसला ती लांबलेली वाटली. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने एलिस यांना सक्तीने रजेवर पाठविले आणि रजा संपता संपता कळविले की परत येण्याची गरज नाही. मंदीचे दिवस होते. एलिस यांना बराच काळ नोकरी मिळाली नाही. तरी मनोऱ्यांच्या गणितात शंका राहिली म्हणून ते घरी बसून, कोणी पैसे देत नसताना, ती आकडेमोड पुढे करीत राहिले.

लिहिता लिहिता माझ्या ध्यानात आले की मी स्ट्रॉसला 'तो' म्हणतो आहे आणि एलिस यांना 'ते'. खोडून सारखे करणार होतो, पण राहू दिले. माझे बाबा गवंडी आहेत. आमच्या गावाजवळच्या एका पुलावर त्यांनी दोन पावसाळे सोडून बाकी सगळा काळ काम केले. त्या पुलाच्या कोनशिलेवर पाच नावे आहेत. मी वाचायला शिकलो तेव्हा ती पाचही वाचून दाखविली होती. बाबा हसले होते.

५ जानेवारी १९३३ रोजी बांधकाम सुरू झाले. या टप्प्यावर स्ट्रॉसबद्दल चांगले लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. त्याने कामगारांना टोपी सक्तीची केली आणि पुलाखाली सगळ्या लांबीभर जाळे बांधले. त्या काळी दहा लाख डॉलरच्या कामामागे एक माणूस मरणारच असा हिशेब धरीत. जाळ्याने एकोणीस माणसे वाचविली. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक जड फलाट तुटून जाळ्यासकट खाली गेला आणि दहा जण दगावले. सबंध कामात मेलेल्यांची संख्या अकरा. दक्षिण टोकाला फोर्ट पॉइंट हा जुना किल्ला आहे. तो पाडणे सोपे असतानाही स्ट्रॉसने त्याच्यावरून कमान टाकून तो वाचविला. विद्यापीठाची जुनी इमारत पाडली गेली तेव्हा तिची एक वीट आणून त्याने पुलाच्या नांगरभिंतीत बसविली, हेही मला आवडले.

२७ मे १९३७ रोजी पूल पायी चालणाऱ्यांसाठी उघडला आणि दुसऱ्या दिवशी मोटारींसाठी. मधला गाळा ४२०० फूट, त्या वेळी जगात सर्वांत लांब. तो मान १९६४ पर्यंत टिकला. स्ट्रॉसने या प्रसंगी कविता लिहिली. पुलाच्या पाटीवर एलिस यांचे नाव नव्हते. वर्षही भरले नाही तोच, १६ मे १९३८ रोजी, लॉस एंजेलिस येथे स्ट्रॉस वारला. १९४१ साली पुलाजवळ त्याचा पुतळा उभारला गेला. एलिस पर्ड्यू विद्यापीठात शिकवीत राहिले आणि १९४९ साली गेले. १९८६ साली जॉन व्हॅन डर झी यांच्या पुस्तकाने त्यांचे काम लोकांपुढे आणले, आणि पुलावर त्यांच्या नावाची पाटी लागली ती २०१२ साली.

सॅन फ्रान्सिस्कोतच मिशन क्रीक नावाच्या छोट्या खाडीवर स्ट्रॉसचे दोन उघडते पूल आहेत. चौथ्या रस्त्यावरचा १९१७ सालचा आणि तिसऱ्या रस्त्यावरचा १९३३ सालचा, म्हणजे गोल्डन गेटचा पाया खणला जात होता त्याच वर्षीचा. डोक्यावर काँक्रीटचा ठोकळा, खाली टाचेचा आस, आणि मध्ये तो समांतरभुज चौकोन. या चौकोनाची कल्पना त्याची स्वतःची होती.