जॉन लेनन : घर शोधणारा गीतकार

रॉक संगीत म्हणजे नुसता धांगडधिंगा, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते. ज्यांना ती खरी वाटते त्यांनी जॉन लेननचे चरित्र एकदा समजून घ्यावे. पोरक्या मनाचे दुःख शब्दांत उतरायला किती वर्षे लागतात, हे त्यावरून कळते.

इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदरात ९ ऑक्टोबर १९४० रोजी, ऐन महायुद्धात, जॉनचा जन्म झाला. वडील जहाजावर नोकरीला. ते घरी कमी आणि समुद्रावरच जास्त. जॉन पाच वर्षांचा होता तेव्हा घर मोडले आणि तो मिमी मावशीकडे वाढू लागला. आई ज्युलिया त्याच शहरात दुसरा संसार मांडून राहत होती. जॉन मोठा झाल्यावर तिच्याकडे जाऊ-येऊ लागला. वाद्यावर बोटे कशी ठेवावीत हे तिनेच त्याला बँजोवर शिकवले. मायलेकरांची पुन्हा गट्टी जमते न जमते तोच, १५ जुलै १९५८ रोजी, मावशीच्या घराजवळच मोटारीच्या धडकेने ज्युलियाचा अंत झाला. जॉन तेव्हा अवघा सतरा वर्षांचा होता.

त्याच्या आदल्या वर्षी त्याला पॉल मॅकार्टनी भेटला होता. पॉलची आईही १९५६ साली वारली होती. ही दोन आईवेगळी मुले वही पुढ्यात घेऊन गाणी रचू लागली. स्वरलिपी दोघांनाही वाचता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी जी चाल आपल्यालाच आठवत नाही ती लोकांच्या काय लक्षात राहणार, असा त्यांचा साधा हिशेब होता. यातूनच पुढे जगभर गाजलेल्या 'बीटल्स'ची गाणी आली. मात्र सुरुवातीची बहुतेक गाणी प्रेमाची होती. त्यांत जॉन स्वतः फारसा नव्हता.

बॉब डिलनची गाणी ऐकल्यावर त्याच्यात पालट झाला. १९६५ साली आलेले 'हेल्प!' हे गाणे जगाने नाचत ऐकले. प्रत्यक्षात ती कीर्तीने गुदमरलेल्या माणसाची हाक होती. त्याच वर्षी तो घरापासून शहरापर्यंतच्या बसच्या वाटेवर एक गाणे लिहायला बसला. वाटेतली ठिकाणे त्याने एकामागून एक मांडली; पण ती नुसती यादीच झाली! तेव्हा त्याने ठिकाणांची नावे गाळली आणि त्या जागी भेटलेली, दुरावलेली माणसे आठवली. मग 'इन माय लाइफ' हे गाणे जन्माला आले. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला यातून मोठा धीर येतो. आपली गल्ली, आपली माणसे हा काही साहित्याचा विषय नव्हे, असे आम्हाला उगीचच वाटत असते. जॉनला तर वर्तमानपत्रातली बातमी, सर्कशीचे जुने भित्तिपत्रक, मुलाने शाळेत काढलेले चित्र, असे काहीही पुरत असे.

परंतु आईविषयी तो अजून बोलला नव्हता. ते गाणे त्याला सुचले आपल्या भारतात! १९६८ च्या आरंभी बीटल्स हृषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहिले होते. तेथे डोनोव्हन या गायकाने जॉनला बोटांनी एकेक तार छेडण्याची पद्धत शिकवली. त्या नव्या पद्धतीवर त्याने 'ज्युलिया' हे गाणे बांधले. बीटल्सच्या नावावर असूनही ते त्याने एकट्यानेच गायिले व वाजविले. आईला जाऊन तेव्हा दहा वर्षे होत आली होती. तरीही त्या गाण्यात दुःखावर कल्पनेची हळुवार झूल होती. १९७० मध्ये आलेल्या 'मदर' या गाण्यात तीही उरली नाही. आरंभी मृत्यूच्या घंटेचे टोल, साथीला पियानो, बास गिटार आणि ड्रम एवढेच, आणि शेवटी आईवडिलांसाठी फोडलेला टाहो. शोभेचा एकही शब्द त्याने ठेवला नाही.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या १९६८ साली 'ज्युलिया' जन्मले, त्याच वर्षी जॉनने पहिली पत्नी सिंथिया हिला सोडले. त्यांचा मुलगा ज्युलियन तेव्हा पाच वर्षांचा होता. ज्या वयात जॉनचे घर मोडले, त्याच वयात त्याच्या मुलाचेही मोडले. गाणे खरे उतरले म्हणून आयुष्य आपोआप सुधारत नाही.

हे त्याला पुढे उमगले असावे. १९७५ साली दुसरी पत्नी योको ओनो हिच्यापासून शॉन झाला, तेव्हा जॉनने गाण्याचा धंदा बाजूला ठेवला आणि पाच वर्षे घरी राहून मुलाला वाढविले. नोव्हेंबर १९८० मध्ये तो नवी गाणी घेऊन परतला; त्यांत शॉनसाठी एक अंगाईगीतही होते. काही आठवड्यांतच, ८ डिसेंबर रोजी, न्यूयॉर्कमधील राहत्या इमारतीच्या दारात एका माथेफिरूने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. जॉन चाळीस वर्षांचा होता.

आणि शॉन पाच वर्षांचा.