बाळू पालवणकर

आज आपल्या देशात क्रिकेट हा खेळ गल्लोगल्ली खेळला जातो. चांगल्या खेळाडूला मान, पैसा आणि प्रसिद्धी मिळते. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात एक असा गोलंदाज होता, की जो आपल्या संघाला सामने जिंकून देई. पण त्याला त्याच संघातील खेळाडूंबरोबर बसून चहासुद्धा घेता येत नसे. त्याचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे झाला. त्यांचे कुटुंब चर्मकार समाजातील होते. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानले जात असे. वडील लष्करात नोकरीस होते. बाळूंचे बालपण पुण्यात गेले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू व त्यांचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट खेळू लागले.

घरची परिस्थिती गरिबीची होती. म्हणून बाळूंनी लहान वयातच काम धरले. एका पारशी क्रिकेट क्लबात ते मैदान झाडीत आणि खेळपट्टीवर रूळ फिरवीत. त्याबद्दल त्यांना महिन्याला तीन रुपये मिळत. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियन लोकांच्या पूना क्लबात चार रुपये पगारावर काम करू लागले. खेळपट्टी तयार करणे, जाळी लावणे, टेनिसच्या मैदानाची निगा राखणे ही त्यांची कामे होती.

तेथे सरावाच्या वेळी साहेब लोकांना गोलंदाजी करण्याची संधी बाळूंना मिळाली. ते डाव्या हाताने मंद गतीचे फिरकी चेंडू टाकीत. त्यांच्या चेंडूची दिशा आणि टप्पा सहसा चुकत नसे. क्लबातील कॅप्टन ग्रेग हा नामांकित फलंदाज रोज इतरांच्या आधी येई आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. त्याला बाद केले की तो बाळूंना आठ आणे बक्षीस देई, असे सांगतात. बाळूंनी तेथे हजारो चेंडू टाकले, पण बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची आणि नोकराने चेंडू टाकायचे, अशी ती रीत होती.

पुण्यातील हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. बाळूंसारखा गोलंदाज गावात दुसरा नव्हता. पण अस्पृश्य मानलेल्या माणसाला संघात घ्यावे की नाही, यावर वाद झाला. शेवटी बाळूंना संघात घेतले. मैदानावर सर्वजण त्याच चेंडूला हात लावीत. परंतु चहाच्या वेळी बाळूंना बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यात चहा घ्यावा लागे. जेवणासाठी त्यांचे ताट वेगळे आणि जागाही वेगळी असे. बाळूंनी हा अपमान सोसला आणि आपली गोलंदाजी अधिक चांगली केली. साताऱ्याच्या युरोपियन संघाविरुद्ध त्यांनी सात बळी घेतले. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला. हळूहळू सहभोजनाची बंधने सैल होऊ लागली.

त्यानंतर पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला गेले. त्यांनी तेथे रेल्वेत नोकरी केली व ते हिंदू संघातून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये या संघाने मुंबईत युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. या संघात हिंदू, मुस्लिम, पारशी आणि शीख असे सर्व खेळाडू होते. संघाला बहुतेक सामन्यांत हार पत्करावी लागली. परंतु खांदा दुखत असतानाही बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. लेस्टरशायर संघावर विजय मिळाला, त्या सामन्यात त्यांनी ११ बळी घेतले. परतल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला. तरुण भीमराव आंबेडकर यांनी त्यात भाग घेतला होता.

एवढे कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. जात आडवी आली. १९२० साली बाळूंना एका सामन्यातून वगळण्यात आले आणि त्यांचे बंधू विठ्ठल यांचा कर्णधारपदाचा हक्कही डावलला गेला. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली. पुढच्या सामन्यात बाळूंना उपकर्णधार नेमावे लागले. कर्णधार पै मुद्दाम काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरते बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. शेवटी १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले व त्यांनी युरोपियनांविरुद्ध विजय मिळवला. जे थोरल्या भावाला मिळाले नाही, ते धाकट्याने मिळवले.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळूंनी सार्वजनिक कार्यात लक्ष घातले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. दोघांचे मार्ग वेगळे झाले होते, पण दोघांनाही अस्पृश्यतेचे दुःख ठाऊक होते. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

ज्या हातांनी खेळपट्टीवर रूळ फिरवला, त्याच हातांनी मोठमोठ्या फलंदाजांना बाद केले. चेंडू कोणाची जात पाहत नाही. ती माणसे पाहतात. माणसांची ही चूक बाळूंनी भांडून नव्हे, तर अचूक गोलंदाजी करून सर्वांसमोर मांडली.

स्वाध्याय
१. पूना क्लबात बाळूंना कोणकोणती कामे करावी लागत?
२. हिंदू क्लबात बाळूंना कशी वागणूक मिळे?
३. शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार का घेतली?
४. कारणे द्या : १९११ च्या दौऱ्यात संघ हरला, तरी बाळूंचा सत्कार झाला.