विश्लेषण : धोतरातले नारायणराव, शालूतले बालगंधर्व... पुरुषाच्या साडीला महाराष्ट्राने मान कसा दिला आणि कुठवर?

पुरुषाने रोजच्या वापरात साडी नेसली, स्कर्ट घातला किंवा उंच टाचांचे सँडल घालून तो रस्त्यावरून चालला, की आजही माना वळतात. मोबाइल निघतात, व्हिडीओ होतो आणि खाली टिंगलीच्या कमेंटचा पाऊस पडतो. पण याच महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी एक पुरुष नऊवारी नेसून उभा राहिला, की थिएटर स्तब्ध होत असे. तो साडी कशी नेसतो, अंबाडा कसा घालतो, फुले कुठे माळतो, हे पाहून घराघरांतल्या स्त्रिया तसेच करू लागल्या. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांची ही गोष्ट. त्यांना एवढा मान का मिळाला, तो रंगमंचापुरताच का राहिला आणि गावच्या तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला तो का आला नाही, हे समजून घेऊ.

बालगंधर्व कोण होते?

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या नागठाणे गावाशी त्यांचे नाते. गळा लहानपणापासूनच गोड. पुण्यात लोकमान्य टिळकांनी या मुलाचे गाणे ऐकले आणि त्याला बालगंधर्व म्हटले, ते नाव कायमचे चिकटले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचेही त्यांच्याकडे लक्ष गेले. नारायणरावांना कानाचे दुखणे होते. त्यावरील उपचारांसाठी महाराजांनी मदत केली आणि पुढे किर्लोस्कर नाटक मंडळीत जाण्याचा मार्गही त्यांच्यामुळेच खुला झाला.

१९०५ मध्ये मिरजेत ते शकुंतलेच्या भूमिकेत रंगमंचावर आले. वय अवघे १७. किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका गाजवणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्येच वारले होते. ती जागा या मुलाने भरून काढली.

पुरुषच स्त्रीभूमिका का करत होते?

कारण सरळ होते. कुलीन मानल्या जाणाऱ्या घरातील स्त्रीने नाटकात काम करणे त्या काळी समाजाला मान्य नव्हते. ज्या स्त्रिया लोकांसमोर गात-नाचत, त्यांच्याकडे सभ्य समाज तुच्छतेने पाही. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून मराठी रंगभूमीवरच्या सीता आणि द्रौपदी मिशा काढलेल्या मुलांनी उभ्या केल्या. सिनेमाचीही सुरुवात अशीच झाली. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले.

ही केवळ मराठी मुलखाची रीत नव्हती. इंग्लंडमध्ये १६६० पर्यंत नायिकेची कामे मुलगेच करत. शेक्सपिअरची ज्युलिएट मुळात एका मुलाने रंगवलेली. जपानमध्ये १६२९ मध्ये स्त्रियांना काबुकीच्या रंगमंचावर बंदी झाली आणि पुढे ‘ओन्नागाता’ ही स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची परंपरा उभी राहिली. गुजराती रंगभूमीवर बालगंधर्वांचे समकालीन जयशंकर ‘सुंदरी’ होते. त्यांना तर भूमिकेच्या नावावरूनच लोक ओळखू लागले.

मग बालगंधर्वांचे वेगळेपण काय?

मराठीत स्त्रीभूमिका करणारे ते एकटे नव्हते. केशवराव भोसले आणि मास्टर दीनानाथ मंगेशकर यांनीही त्या गाजवल्या. पण बालगंधर्वांनी स्त्रीची नक्कल करण्याचे टाळले. लचकणे, मुरडणे असला भडकपणा त्यांच्या कामात नसे. घरंदाज मराठी स्त्री कशी बसते, पदर कसा सावरते, रागावते तेव्हा मान किती वळवते, यावर त्यांची भिस्त होती.

१९११ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’मध्ये त्यांनी भामिनी उभी केली. त्या पहिल्या प्रयोगाच्या तोंडावरच त्यांच्या लहान मुलीचे निधन झाले. तरीही प्रयोग रद्द झाला नाही. बाप दुःख पोटात ठेवून भामिनीचा साज चढवून उभा राहिला.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या साथीने त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी आली. भास्करबुवा बखले यांच्या चालींनी आणि तालमीने त्यांचे गाणे आणखी फुलले. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच रंगमंचावर आले. दारुड्या नवऱ्याच्या संसारात पिचलेल्या सिंधूच्या भूमिकेत एरवी भरजरी शालूत दिसणारे बालगंधर्व ठिगळे लावलेल्या लुगड्यात उभे राहिले. प्रेक्षक रडले ते सिंधूसाठी. तिच्या जागी एक पुरुष उभा आहे, हे त्यांच्या मनातही आले नाही.

स्त्रियांनी त्यांच्याकडून काय घेतले?

सोप्या शब्दांत सांगायचे, तर आज जे काम इन्स्टाग्राम करते ते तेव्हा गंधर्व मंडळीचा प्रयोग करत होता. स्त्रिया नाटकाला जाऊ लागल्या होत्या. साडीचा काठ, निऱ्यांची ठेवण, नथ, अंबाड्यातला गजरा हे सारे तेथे डोळ्यांत साठवून घरी नेले जाई. व्यापाऱ्यांनी त्यांच्या छायाचित्रांचा जाहिरातींसाठी उपयोग केला. स्त्रीवेशातले नारायणराव एका हळदीकुंकवाला जाऊन आले आणि कोणी ओळखलेही नाही, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, लोकांना ती खरी वाटली यातच सारे आले.

यात एक विसंगती मात्र होती. स्त्रीने कसे दिसावे, कसे लाजावे, कसे सोसावे याचा नमुना एक पुरुष घालून देत होता आणि त्याच वेळी प्रत्यक्ष स्त्रीला त्या रंगमंचावर पाऊल ठेवायची मुभा नव्हती. बालगंधर्वांची स्त्री सुंदर होती, सोशिक होती, कुलीन होती. समाजाला हवी तशी होती. त्यांच्या साडीला मान मिळाला, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

रोजच्या जगण्यात ते साडी नेसत होते का?

नाही. आजच्या चर्चेत नेमका हाच मुद्दा निसटतो. रंग पुसला, की बालगंधर्व पुन्हा नारायणराव होत. धोतर, कोट, डोक्यावर टोपी असा त्या काळच्या मध्यमवर्गीय पुरुषाचा पोशाख. लक्ष्मीबाईंशी त्यांचे लग्न झालेले होते, मुले होती, घर होते.

जपानमध्ये याउलट विचार दिसतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा नामवंत ओन्नागाता योशिझावा आयामे याचे मत असे होते, की स्त्रीभूमिका करणाऱ्याने रंगमंचाबाहेरही स्त्रीसारखेच राहावे, तरच भूमिका खरी उतरते. मराठी रंगभूमीने ही मागणी कधी केली नाही. किंबहुना पडदा पडल्यावर नट पुरुष म्हणून घरी जातो, ही खात्री होती म्हणूनच समाज निर्धास्तपणे टाळ्या वाजवू शकला. साडीला परवानगी होती, पण ती तिसऱ्या घंटेपासून भरतवाक्यापर्यंतच.

नाच्याला हा मान का मिळाला नाही?

याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची जुनी वाट जुन्नरकडे चढते. घाटावरच्या त्याच जुन्नर तालुक्यात नारायणगाव, म्हणजे तमाशाची पंढरी. यात्रांच्या हंगामात तेथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला जातात. तमाशात पूर्वी स्त्रीवेशातली मुलेच नाचत. पुढे स्त्रिया आल्या आणि नाच्या हसवण्यापुरता उरला. गवळणीतली मावशी तर आजही बहुतेक फडांत साडी नेसलेला पुरुषच असतो.

शहापूर, मोखाडा, जव्हार या पट्ट्यातील बोहाड्यातही देवींची सोंगे पुरुषच नाचवतात. तेथे देवीच्या वेशातल्या पुरुषापुढे लोक हात जोडतात. म्हणजे पुरुषाच्या अंगावरचे लुगडे देवळापुढे पूज्य, संगीत नाटकात कलात्मक आणि तमाशात मात्र चेष्टेचा विषय. कापड तेच. फरक पडला तो कोण नेसतो, कोणापुढे नेसतो आणि त्याची जात-वर्ग कोणता, यामुळे.

याची किंमत किती असू शकते, हे कोल्हापूरचे अभिनेते गणपत पाटील यांच्या आयुष्यात दिसले. मराठी तमाशापटांत त्यांनी रंगवलेला नाच्या इतका अस्सल ठरला, की पडद्याबाहेरही लोक त्यांना तसेच समजू लागले. कुटुंबवत्सल असलेल्या या कलावंताला आणि त्यांच्या घरच्यांना त्या प्रतिमेचे चटके सोसावे लागले. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. बालगंधर्वांच्या वाट्याला साडीमुळे देव्हारा आला. पाटील यांच्या वाट्याला आली ती कुजबुज.

बालगंधर्वांचा उतरता काळ का आला?

पहिले कारण पैशाचे. खरे शालू, उंची अत्तरे, भव्य नेपथ्य यांवर गंधर्व मंडळीचा हात सैल होता. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा आश्रय होता, तरी कर्जाचा डोंगर वाढला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत केशवराव भोसले यांच्यासोबत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा गाजलेला संयुक्त प्रयोग झाला. त्यात धैर्यधर केशवरावांचा आणि भामिनी बालगंधर्वांची. वैभवाचे ते शिखर होते. पण त्याच काळात कंपनीच्या देण्यांचा आकडाही मोठा होता.

दुसरे कारण बोलपटाचे. नाटकात मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसते ते एकूण चित्र. कॅमेरा मात्र थेट गालापाशी जातो. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाची तरुणी रंगमंचावरच्या प्रकाशात खपते, क्लोजअपमध्ये खपत नाही. १९३५ मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्वांनी संत एकनाथांची, म्हणजे पुरुषाची भूमिका केली. पण ‘प्रभात’बरोबरची भागीदारी फार टिकली नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. स्त्रिया रंगमंचावर आल्या. १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकर यांनी स्वतःची नाटक मंडळी काढली. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. मूळ मालक परत आल्यावर कुळाने जमीन सोडावी, तशी ही वेळ होती. बालगंधर्वांना ते सहज जमले नाही. वय वाढले, शरीर सुटले, तरी ते रुक्मिणी आणि सिंधू होतच राहिले. गळा मात्र अखेरपर्यंत माणसे खेचत राहिला.

लक्ष्मीबाई १९४० मध्ये वारल्या. गायिका-अभिनेत्री गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या होत्या. पुढे दोघे एकत्र राहिले. या नात्यावरून बालगंधर्वांवर बरीच टीका झाली. जन्मभर साडी नेसल्याबद्दल जो समाज त्यांच्यावर रागावला नव्हता, तो वेगळ्या धर्मातील स्त्रीशी संसार केल्याबद्दल रागावला. पायांनी साथ सोडली आणि १९५० च्या दशकाच्या मध्यावर त्यांचे रंगमंचावर येणे थांबले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आज या आयुष्याचा अर्थ काय?

कपड्याला कायमचे लिंग नसते, हे इतिहासात अनेकदा दिसले आहे. उंच टाचांचे जोडे इराणी घोडेस्वार वापरत, कारण टाच रिकिबीत घट्ट अडकते. सतराव्या शतकात ते युरोपातील सरदारांनी उचलले आणि फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचा मिरवू लागला. नंतर पुरुषांनी त्या सोडल्या आणि त्या स्त्रियांच्या झाल्या.

कायद्यानेही एक पाऊल पुढे टाकले आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ निकालात तृतीयपंथीयांचे हक्क मान्य करताना, पेहरावातून आपली लिंगओळख व्यक्त करणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्ती स्वातंत्र्यात येते, असे स्पष्ट केले. बालगंधर्वांच्या काळी जी मुभा रंगमंचाच्या चौकटीपुरती होती, ती आता निदान कागदावर तरी रस्त्यावर, बसस्टॉपवर आणि कॉलेजच्या आवारातही आहे.

रस्त्यावरच्या माणसाकडे मात्र तिसरी घंटा नसते, ऑर्गन नसतो आणि खेळ संपल्यावर उतरवून ठेवायचा साजही नसतो. त्याने नेसलेली साडी ही भूमिका नसते. बालगंधर्वांना नाटक म्हणून जे मिळाले, ते त्याला माणूस म्हणून हवे असते.

पुण्यात मुठेकाठी बालगंधर्व रंगमंदिर उभे आहे. त्याचे भूमिपूजन १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाले, तर उद्घाटन त्यांच्या निधनानंतर, २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जयंतीला. तेथे चित्रकार गोपाळ देऊसकर यांनी काढलेली त्यांची दोन चित्रे आहेत. एकात पुरुषवेशातले नारायणराव, दुसऱ्यात स्त्रीवेशातले बालगंधर्व. एकाच माणसाच्या या दोन्ही रूपांना एका छताखाली सारखाच मान मिळाला आहे.