चेंडू एक, पेला वेगळा

भारतीय क्रिकेटची अधिकृत विक्रमवही १९३२ पासून सुरू होते, कारण त्या वर्षी लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला. त्यापूर्वी ज्यांनी मैदाने गाजविली, त्यांची नावे हळूहळू विस्मृतीत गेली. या विस्मृतीत गेलेल्यांमध्ये अग्रभागी उभे राहणारे नाव म्हणजे पालवणकर बाळू. देशातले पहिले थोर गोलंदाज म्हणून क्रिकेटचे इतिहासकार आज त्यांच्याकडे पाहतात. त्यांची लढाई मात्र केवळ बावीस यार्डांपुरती नव्हती.

बाळू यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजात झाला. कोकणातील पालवण हे घराण्याचे मूळ गाव. वडील लष्करी सेवेत असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले. लष्करातील गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. पुण्यातील पारशांच्या एका क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे काम बाळूंना मिळाले. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर रुजू झाले. रोलर फिरवायचा, रेघा आखायच्या, जाळी उभारायची आणि सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे, असा हा चाकरीचा दिनक्रम होता.

या चाकरीतूनच त्यांची डावखुरी फिरकी घडली. जे. जी. ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज तासन् तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करीत. प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल ते बाळूंना आठ आणे बक्षीस देत, असे सांगतात. बाळूंच्या हाती बॅट मात्र क्लबात कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबाने करावी आणि चेंडू चाकराने टाकावा, हीच तिथली रीत होती.

पूना क्लबाला आव्हान देऊ पाहणाऱ्या पुण्यातील हिंदू क्लबापुढे मग पेच उभा राहिला. जिंकायचे तर बाळू हवेत आणि बाळू घ्यायचे तर शिवाशिवीचे काय? काहींचा विरोध असूनही अखेर त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सारेच झेलत. चहापानाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. त्यांच्या बळींच्या जोरावर संघ जिंकू लागला, तसतसा हा विरोधाभास लोकांच्या डोळ्यांत खुपू लागला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांनीही त्यांच्या खेळाची जाहीर दखल घेतल्याचे सांगितले जाते.

१८९६ च्या प्लेगनंतर बाळू मुंबईला आले. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांनी नोकरी धरली आणि हिंदू जिमखान्याचे ते प्रमुख गोलंदाज झाले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन संघांत झालेल्या सामन्याने साऱ्या मुंबईला वेड लावले. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावांना युरोपियनांनी १९१ आणि १०२ धावांचे उत्तर दिले. हा १०९ धावांचा विजय स्वदेशीच्या चळवळीने भारलेल्या काळात साधा खेळातला विजय उरला नाही. सामन्यात आठ बळी टिपणारे बाळू हे त्याचे प्रमुख शिल्पकार होते. बंधू शिवरामही त्या संघात होते.

पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली १९११ मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळूंचे वय तेव्हा ३५ होते आणि खांदा दुखत होता. संघाने २३ पैकी १५ सामने गमावले. अशा पडत्या संघातून खेळताना बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी मिळवले, तेही १८.८४ च्या सरासरीने. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावांत आठ गडी बाद केले. एकूण ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी आणि १५.२१ ची सरासरी, ही त्यांची कारकीर्द.

असे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे कधीच आले नाही. गुणवत्ता आणि ज्येष्ठता दोन्ही असताना जात आड आली. १९२० मध्ये कर्णधार एम. डी. पै आजारी पडले, तेव्हा बाळूंना संघातून वगळून नेतृत्व दि. ब. देवधर यांच्याकडे सोपविण्यात आले. निषेध म्हणून शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी माघार घेतली. लोकमताचा रेटा वाढला, तेव्हा पुढच्या सामन्यासाठी बंधू परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने युरोपियनांना नमविले. थोरल्याला नाकारलेला मान धाकट्याने मिळवला.

याच १९२० साली अमेरिकेत कृष्णवर्णीय बेसबॉलपटूंना आपली वेगळी लीग उभारावी लागली होती. गोऱ्यांच्या मेजर लीगचे दार जॅकी रॉबिन्सनसाठी उघडायला १९४७ उजाडले. त्या वेगळ्या लीगमधील आकडे अमेरिकेने २०२४ मध्ये अधिकृत विक्रमांत सामावून घेतले आणि .३७२ च्या सरासरीने जोश गिब्सनचे नाव सर्वकालीन यादीच्या शिरोभागी आले. बाळूंचे १७९ बळी नोंदीत आहेत, पण कसोटीच्या उंबरठ्याअलीकडे असल्याने क्वचितच कोणी ती पाने उलटतो.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत ते होते. तरुणपणी ज्यांना बाळूंच्या यशाचा अभिमान वाटे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्धच १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे मुंबईत उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. अस्पृश्यता संपावी, हे दोघांचेही उद्दिष्ट होते, परंतु मार्ग वेगळे होते. या पराभवाची छाया बाळूंच्या कीर्तीवर दीर्घकाळ पडून राहिली.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. तोवर भारताने इंग्लंडला कसोटीत हरविले होते आणि अस्पृश्यता घटनेने रद्द ठरविली होती. या दोन्ही वाटांवरचा अगदी सुरुवातीचा, काट्याकुट्यांचा टप्पा त्यांनी हातात चेंडू घेऊन पार केला होता.