मोजणीचा मेजर : पर्सी मॅकमहॉन

श्रीनिवास रामानुजन यांच्या चरित्रात पर्सी अलेक्झांडर मॅकमहॉन हे नाव ओझरते येते आणि पुढे विसरले जाते. रामानुजन यांच्या सूत्राची आकडेमोड ताडून पाहणारा निवृत्त लष्करी अधिकारी, एवढीच त्यांची सर्वसाधारण ओळख. वस्तू किती प्रकारे मांडता येतात आणि विस्कटलेली मांडणी पुन्हा क्रमाने लावण्यास किती श्रम पडतात, या प्रश्नाच्या अभ्यासात मात्र त्यांचे स्थान फार वरचे आहे.

मॅकमहॉन यांचा जन्म २६ सप्टेंबर १८५४ रोजी माल्टा बेटावरील स्लिएमा येथे झाला. वडील लष्करात अधिकारी होते. मुलानेही तीच वाट धरली. वुलिच येथील लष्करी अकादमीत शिक्षण घेऊन १८७३ साली ते तोफखान्यात दाखल झाले आणि त्याच वर्षी मद्रासला आले. १८७७ साली वायव्य सरहद्दीवरील कोहाट येथे पहाडी तोफखान्यात असताना ते आजारी पडले आणि त्यांना इंग्लंडला परत पाठविण्यात आले. पुढच्याच वर्षी दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले. रणांगणावर नाव कमावण्याची संधी आजारपणाने हिरावली. पण याच सक्तीच्या माघारीने गणिताला एक असामान्य अभ्यासक मिळाला.

वुलिचला परतल्यावर त्यांनी तोफखाना अधिकाऱ्यांसाठीचा उच्च अभ्यासक्रम पूर्ण केला. १८८२ मध्ये ते तेथेच गणिताचे शिक्षक झाले. विद्यापीठीय गणिताची रूढ पायरी न चढलेल्या या सैनिकाला १८९० साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. १८९४ ते १८९६ या काळात ते लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. तरीही ऑक्सफर्डचे दार त्यांना उघडले नाही. जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर यांच्या निधनानंतर रिक्त झालेल्या तेथील प्राध्यापकपदासाठी ते उमेदवार होते. निवड मात्र विल्यम एसन यांची झाली. १८९८ साली मेजर या हुद्द्यावरून ते लष्करातून निवृत्त झाले. पुढे १९०६ ते १९२० अशी चौदा वर्षे त्यांनी वजनमापांच्या प्रमाणांवर देखरेख करणारी सरकारी नोकरी केली. त्यांचे सर्वांत मोलाचे गणित याच काळातले आहे.

हे गणित समजण्यासाठी तीन उत्तरपत्रिकांचे उदाहरण पुरेसे आहे. १, २, ३ असे क्रमांक असलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सहा प्रकारे लागू शकतो. या मांडण्यांना क्रमचय म्हणतात. ज्या जोडीत मोठा क्रमांक लहानाच्या आधी येतो, ती उलटी जोडी. शेजारच्या दोन उत्तरपत्रिकांची अदलाबदल करीत गठ्ठा लावायचा असेल, तर जितक्या उलट्या जोड्या तितक्या अदलाबदली किमान कराव्याच लागतात. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेल्या बबल सॉर्ट पद्धतीतील अदलाबदलींचा खर्च तो हाच. सहांपैकी एका मांडणीचा खर्च शून्य, दोहोंचा एक, दोहोंचा दोन आणि एकीचा तीन. हा हिशेब ओलिंद रॉड्रिग्ज या फ्रेंच गणितज्ञाने १८३९ सालीच सर्वसाधारण रूपात मांडला होता. दहा वस्तूंच्या मांडण्या ३६,२८,८०० होतात आणि एकेका मांडणीचा खर्च शून्यापासून ४५ पर्यंत असू शकतो; पण अमुक खर्चाच्या मांडण्या किती, हे एकही मांडणी न लिहिता त्या रीतीने सांगता येते.

मॅकमहॉन यांनी १९१३च्या सुमारास एक वेगळेच माप शोधले. मांडणी डावीकडून वाचत जावी. ज्या स्थानी मोठ्या क्रमांकालगत लहान क्रमांक येतो, त्या स्थानाचा अंक टिपावा आणि अशा सर्व अंकांची बेरीज करावी. १, ३, २ या मांडणीत असा उतार दुसऱ्या स्थानी आहे, म्हणून तिचे माप दोन. तिच्यात उलटी जोडी मात्र एकच. ३, १, २ मध्ये नेमके उलट घडते : माप एक, उलट्या जोड्या दोन. दोन्ही मापे प्रत्येक मांडणीपाशी जुळत नाहीत. परंतु सर्व मांडण्यांचा एकत्र हिशेब केला, तर शून्य, एक, दोन, तीन माप असलेल्या मांडण्यांची संख्या दोन्हीकडे तंतोतंत सारखीच निघते. वस्तू कितीही घेतल्या तरी हे खरे ठरते, असे मॅकमहॉन यांनी सिद्ध केले.

या विषयावरील त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १९१५ व १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास त्यांनी २०० या संख्येची विभाजने किती, हे हाताने मोजले. उत्तर होते ३९,७२,९९,९०,२९,३८८. हार्डी व रामानुजन यांच्या १९१८ सालच्या सूत्राची कसोटी याच आकड्यावर लागली आणि सूत्र खरे उतरले.

मानसन्मान त्यांच्या वाट्याला आले. पण हा विषय तेव्हा गणिताच्या मुख्य प्रवाहाबाहेरचा मानला जाई. २५ डिसेंबर १९२९ रोजी बॉग्नर येथे मॅकमहॉन यांचे निधन झाले, तेव्हा माहितीची क्रमवारी लावणारे संगणक अस्तित्वात नव्हते. ते आल्यावर मांडण्यांची मोजणी ही व्यवहाराची गरज ठरली. १९६८ साली दॉमिनिक फोआता या फ्रेंच गणितज्ञाने एका मापाच्या मांडण्यांची दुसऱ्या मापाच्या मांडण्यांशी थेट जोडी लावून दाखविली, तर १९७३ साली डोनाल्ड नुथ यांनी क्रमवारीवरील आपल्या ग्रंथात मॅकमहॉन यांच्या कार्याची दखल घेतली. त्यांनी शोधलेल्या मापाला फोआता यांच्या सूचनेवरून मेजर निर्देशांक हे नाव पडले. जो हुद्दा घेऊन ते तोफखान्यातून बाहेर पडले, तोच अशा रीतीने गणिताच्या परिभाषेत कायम झाला.