सलीम अलींचे किहीम

थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ती कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पक्ष्यांच्या नादी लागले ते कायमचे.

विद्यापीठाची पदवी मात्र त्यांच्याजवळ नव्हती. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात व्याख्यात्याची नोकरी मिळाली. रजा घेऊन ते बर्लिनला प्राध्यापक स्ट्रेझमान यांच्याकडे शिकले. १९३० साली परतले, तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! तेव्हा त्यांनी अलिबागजवळच्या किहीमला बिऱ्हाड हलवले.

तेथे ते सुगरणींचे खोपे न्याहाळीत बसले. आपण सुगरण म्हणतो, पण खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की मादी येऊन पारखते. पसंत पडला तरच संसार मांडते. मग नर दुसरीसाठी नवा खोपा सुरू करतो. ही निरीक्षणे १९३१ साली प्रसिद्ध झाली.

गेल्या आश्विनात मी प्रथमच किहीमला गेले. ओल्या वाळूवर उत्तरेकडून आलेले तुतवार आणि चिखले चरत होते. तासाभरातच माझी मान अवघडली. त्यांनी मात्र असा अख्खा हंगाम काढला होता.

१९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २० जून १९८७ रोजी ते निवर्तले. पदवीनंतर काय, हा प्रश्न आमच्या वर्गात रोज निघतो. मला वाटते, नोकरी गेल्यावर सलीम अलींनी काय केले, हेही त्या वेळी आठवावे.